वाघ यादीतून काढला आणि ट्रिप मार्गी लागली

नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून जंगल बघायला जायचं असं घरात ठरलं आणि त्याच रात्री भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर ताडोबाचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. वाघीण रस्ता ओलांडतीय, मागं चार बछडी, जिप्सीतले लोक तोंडावर हात धरून बसलेत वगैरे. आता ताडोबा भारीच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण सांगलीहून चंद्रपूर म्हणजे राज्याचं दुसरं टोक, बरोबर सत्तरीच्या आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई), जाऊबाईंचा चार वर्षांचा बाळू, आणि एवढं जाऊन वाघ नाही दिसला तर परतीच्या अख्ख्या प्रवासात भाऊजींचा पडलेला चेहरा. मी सरळ लिहिलं, वाघ यादीतून काढा, मग बोलू.

माझं म्हणणं एवढंच होतं की आपल्यात जितका दम आहे तितक्यात जे नक्की किंवा बहुतेक दिसेल ते आधी ठरवायचं आणि मग गाव ठरवायचं. आपण उलटं करतो. नावाजलेलं जंगल आधी पकडतो, मग लेकरं जिप्सीत झोपतात आणि म्हातारी माणसं "एवढ्या पहाटे कशाला उठवलं" म्हणत कुडकुडत बसतात.

तर पहिला नंबर मगरीचा. हसू नका. कृष्णेतल्या मगरी बघायला बाहेरून कॅमेरेवाले येतात आणि आपण पुलावरनं गाडी दामटत जातो. भिलवडी, औदुंबर, ब्राह्मणाळ, डिग्रज हा सगळा त्यांचाच पट्टा. आणि त्यांच्यासाठी थंडीच बेस्ट, कारण मगरीला स्वतःचं अंग आतून गरम ठेवता येत नाही, थंडीत ऊन चांगलं वर आलं की ती काठावर येऊन पडते. म्हणजे पहाटे उठायची गरजच नाही! साडेनऊ-दहाला निवांत नाष्टा करून निघालं तरी चालतं. लांबून बघितलं तर ओंडका पडल्यासारखा वाटतो, दुर्बीण लावली की पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा दिसतात आणि जबडा उघडा टाकून ती तशीच पडलेली असते. बाळूला वाटणार ती आता कुणाला तरी खाणार, पण तोंड उघडं ठेवणं हा अंगातली उष्णता कमी-जास्त करायचा तिचा प्रकार आहे.

आत्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मगर बघायला काय जायचं गं, आमच्या माहेरी धुणं धुताना समोर असायची." बरोबरच आहे, पण औदुंबरला जायचं म्हटल्यावर लगेच तयार झाल्या, दत्ताचं दर्शन होणार ना. फक्त दत्तजयंतीच्या आसपास जायचं नाही, त्या गर्दीत माणसंच दिसतील. आणि एक गोष्ट मी ग्रुपवर ठळक करून टाकलीय, पोरांनी पाण्याजवळ जायचं नाही, पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचे नाहीत, घाटावरनं नाहीतर पुलावरनं लांबूनच बघायचं. नदीकाठच्या गावांत माणसं ओढून नेल्याच्या घटना झाल्यात, आणि मगरीनं तरी काय करायचं, फेब्रुवारी-मार्चला ती काठाच्या मातीत-वाळूत अंडी घालते, तिथंच आपला वाळू उपसा आणि मोटारी. वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे ती, वाघाच्याच पंगतीत. हे सांगितल्यावर भाऊजी जरा नरमले.

औदुंबरहून पलूस, कुंडल करत दुपारनंतर सागरेश्वर. चारच्या आधी तिथं पोचून काही उपयोग नाही, उन्हात हरणं झाडाखाली बसलेली असतात. हे अभयारण्य छोटंसं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, १९८५ साली जाहीर झालं. मूळचा उजाड डोंगर होता, माणसांनी झाडं लावली आणि मग सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले, ते वाढले. भोवती कुंपण आहे म्हणून आमच्या घरातल्या एका शहाण्यानं (नाव घेत नाही, घरात राहायचंय) "मग ते काय खरं जंगल नाही" असं म्हटलं. मला तसं वाटत नाही. तिथं नरांच्या मारामाऱ्या होतात, पिल्लं मरतात, जगतात, आणि कुंपण ओलांडून शेजारच्या शेतात जाऊन पिकं खातात म्हणून शेतकरी वैतागलेले असतात ते वेगळंच. पहिल्यांदा जंगलात जाणाऱ्या पोराला अर्ध्या तासात हरीण दिसलं पाहिजे, नाहीतर त्याचा जंगलावरचा विश्वासच उडतो. वर चढून गेलं की खाली कृष्णाकाठची उसाची शेतं दिसतात. येताना देवराष्ट्रेला यशवंतराव चव्हाणांचं जन्मघरही बघायचं असं सासऱ्यांनी मधेच घुसडलंय, असू दे, रस्त्यातच आहे.

मुक्काम घरीच. दुसरा दिवस चांदोलीचा, आणि खरी मजा तिथं आहे.

आधी कोयनेचा विचार झाला होता. बामणोलीहून बोटीनं जाऊन वासोटा किल्ला. भाऊजी आणि मोठी पोरं चढतील, पण आत्यांचे गुडघे आणि बाळू म्हणजे अर्धं घर खाली बोटीजवळ बसून राहणार, म्हणून ते रद्द. चांदोलीत गाडीनं फिरता येतं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, साताऱ्यापासून रत्नागिरीपर्यंत चार जिल्ह्यांत पसरलेला, सगळा मिळून साधारण ११६५ चौरस किलोमीटर. नावात वाघ आहे आणि जंगलातही मोजकेच आहेत, पण ते दिसतील असं मनातही आणायचं नाही. तिथं बघायचा तो गवा.

चांदोलीत पूर्वी गावं होती, ती उठवून दुसरीकडं वसवली. त्या गावांच्या जुन्या शेतांवर आता गवत आलंय आणि गवे तिथं चरायला येतात. मागं एकदा मी असाच एक नर बघितलाय, गाडीपासून थोड्याच अंतरावर. काळंभोर चकचकीत अंग, पाठीवर उंचवटा, गुडघ्यापासून खाली चारही पायात पांढरे मोजे, शिंगं पिवळसर आणि टोकाला काळी. त्यानं मान वर केली, एकदा जोरात फुस्स केलं आणि परत खायला लागला. आम्ही गाडीत एकमेकांचे हात धरून. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत जातो, आपली छोटी कार पण साधारण तेवढीच भरते, विचार करा.

यावर आमच्या मोठ्याचा प्रश्न, गवा तर मार्केट यार्डात आला होता की, चांदोलीला कशाला जायचं? खरंय, २०२१ च्या डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता आणि वनखात्यानं बरीच खटपट करून त्याला पकडून जंगलात नेऊन सोडलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात कोथरूडला आलेला गवा वाचला नव्हता. मागं धावणारी गर्दी, पकडापकडी, दमला आणि गेला बिचारा. म्हणून मी पोरांना म्हटलं, तो आपल्या दारात आला तेव्हा त्याचे हाल झाले, आता आपण त्याच्या दारात जाऊ आणि गाडीतनं खाली उतरायचं नाही.

दुसरं शेकरू. राज्यप्राणी आहे पण आमच्या घरात कुणी बघितलेला नाही. त्यासाठी गाडीतनंच मान वर करून बघत राहायचं. झाडाच्या शेंड्याकडं फांद्यापानांचं गोल घरटं दिसलं की थांबायचं, एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं त्यामुळं रिकामंही निघू शकतं. खकखक असा आवाज आला तर मात्र तो तिथंच आहे.

सामानाचं सांगते. भडंग न्यायचं नाही! हे सांगलीत बोलणं पाप आहे मला माहितीय, पण त्या पिशवीचा चुरचुर आवाज आणि कांदा-लसणाचा वास, प्राणी राहतील का. धपाटे आणि शेंगाची चटणी डब्यात, तीही गेटबाहेर येऊन खायची. सेंट मारायचा नाही, पांढरे आणि लाल शर्ट घरी. दुर्बीण ८ बाय ४२ ची घेतलीय, दुकानदार १० पटीची गळ्यात मारत होता पण ती हातात हलते, पोरांना काही दिसत नाही. थंडीचे कपडे प्रत्येकाचे प्रत्येकानं, मी सगळ्यांच्या पिशव्या भरणार नाही. आत मोबाईलला रेंज नसते म्हणून घरी राहणाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर दुपारी चाळीस मिस्ड कॉल. आधार कार्डं एका पाकिटात माझ्याकडं.

पावसाळ्यात उद्यान बंद असतं, दिवाळीत उघडलेलं असतं पण गवत एवढं उंच की गवा त्यात उभा राहिला तरी दिसायचा नाही. मे महिन्यात पाणवठ्यावर जास्त दिसतं हे खरं, पण बाळूला आणि आत्यांना घेऊन उन्हात नको, त्यापेक्षा डिसेंबर.

आता राहिलंय गाडीचं. नऊ माणसं आहोत, दोन गाड्या केल्या तर एका गाडीला गवा दिसणार, दुसरीला नाही आणि वर्षभर तेच ऐकावं लागणार, म्हणून एकच मोठी गाडी बघतोय. सोमवारी वनखात्याच्या ऑफिसात फोन करून गेटची वेळ आणि गाईडचं पक्कं करते. खिडकीच्या जागेचं मात्र पोरांनी आपसात ठरवावं, मी त्यात पडत नाही.