झोक्यावर उलटा लटकलेला माणूस

लहानपणी सर्कशीचा तंबू लागला की आमच्या घरात एकच उत्तर, परीक्षा संपू दे मग बघू. आणि परीक्षा संपेपर्यंत तंबू पुढच्या गावाला गेलेला असायचा. नंतर मोठे झालो, यूट्यूबवर सगळं फुकटात दिसायला लागलं, मग तिकीट कोण काढतंय. त्यामुळे पस्तिशी उलटल्यावर आयुष्यातली पहिली सर्कस बघितली, ती पण भाच्याच्या हट्टापायी. ताई म्हणाली तूच घेऊन जा रे, मला ते उंचावरचं बघवत नाही.

रॅम्बो सर्कस, आपल्या पुण्याचीच, १९९१ पासून चालू आहे. आत जाऊन बसतोय न बसतोय तोच साहेबांचा पहिला प्रश्न, मामा वाघ कुठेय? आता ह्याला काय सांगणार की वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं ह्यांचे खेळ सरकारने १९९८ मध्ये बंद केले आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. म्हटलं, वाघ जंगलात गेला, आज फक्त माणसं आहेत. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र मनातून बरंच वाटलं, पिंजऱ्यातला मरगळलेला वाघ बघायला मी पैसे नसते दिले.

पहिला अर्धा तास खरं सांगू तर ठीकठाक. स्पीकर फाटेस्तोवर गाणी, रिंगणात लायटिंग, जोकर लोकांची एकमेकांना मारामारी (भाचा इथेच वाघ विसरला). मग रोलाबोला आला. आडवं नळकांडं, त्यावर फळी, फळीवर माणूस, आणि मग त्यावर अजून एक नळकांडं आडवं-उभं करून परत फळी असं करत तो वर वर चढत गेला आणि माझ्या हातातले पॉपकॉर्न हातातच राहिले. व्हिडिओत कसं असतं, माणूस पडणार की नाही हे थंबनेलच सांगून टाकतं. इथे तो समोर डगमगतोय, त्याच्या पोटऱ्या थरथरताना दिसतायत, एकदा फळी निसटली, तो उडी मारून खाली आला, हसला, परत चढला. कट नाही, रिटेक नाही. शेजारच्या काकूंनी तर डोळ्यांवर पदर घेतला होता आणि त्यातूनच बघत होत्या.

पण मला जे सांगायचंय ते शेवटच्या झोक्यांबद्दल, म्हणजे ट्रॅपिझ. खाली जाळी बांधली, एकेक जण दोरीच्या शिडीने वर गेला, हाताला पांढरी पावडर लावली. सगळ्यांच्या नजरा चमचमत्या कपड्यातल्या उडणाऱ्यांवर. माझी नजर का कोण जाणे समोरच्या झोक्यावरच्या माणसावर गेली, ज्याला कॅचर म्हणतात. हा बाबा पूर्ण वेळ पाय अडकवून उलटा. डोक्यात रक्त उतरलेलं, चेहरा लाल, आणि तरी झोका घेत घेत वेळ जुळवतोय. उडणारा कोलांटी मारून येतो तेव्हा तो नुसता हात पुढे करून थांबत नाही, त्याचा झोका नेमक्या त्याच क्षणी टोकाला पोचलेला पाहिजे, जरा आधी नाही जरा नंतर नाही. आणि पकड बोटांची नाही, मनगटाला मनगट, म्हणजे एकाची घामाने सटकली तरी दुसऱ्याची असते. टाळ्या कोणाला? उडणाऱ्याला. कॅचर लगेच पुढच्यासाठी परत झोका घ्यायला लागलेला.

घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत ह्याच्यावर वाचत बसलो. हा प्रकार पॅरिसमध्ये १८५९ साली ज्यूल्स लिओतार नावाच्या पोराने सुरू केला, पण तो एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर जायचा, पकडायला माणूस नव्हताच. पुढे एकाच उडीत हवेत तीन कोलांट्या मारण्यासाठी आल्फ्रेडो कोडोना गाजला, त्याचा कॅचर त्याचा भाऊ लालो. १९८२ मध्ये मिगेल वाझ्केझने शो चालू असताना चार कोलांट्या पूर्ण केल्या, त्याला पकडणारा परत त्याचा भाऊच, हुआन. पटलंच मला. एवढ्या उंचीवर स्वतःला हवेत सोडून द्यायचं तर समोर सख्खाच हवा.

आणि हे सगळं परदेशी वगैरे समजू नका हं. पहिली भारतीय सर्कस आपल्याच विष्णुपंत छत्रेंची, ग्रेट इंडियन सर्कस, पहिला खेळ मुंबईत १८८० साली. मुळात घोडे शिकवणारा माणूस, कियारिनीची इटालियन सर्कस बघून आला आणि हट्टाला पेटला. पुढे त्यांची सर्कस केरळात थलश्शेरीला गेली, तिथल्या कीलेरी कुन्हिकण्णन गुरुजींशी ओळख झाली, आणि त्या गुरुजींनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळाच काढली. त्या एका गावातून मग पुढे कितीतरी कलाकार आणि सर्कसमालक निघाले. शाळेत आम्हाला ह्यातलं अक्षर शिकवलं नाही, कमाल आहे.

हां, एक राहिलंच. झोक्यांच्या शेवटी जोकर पण वर चढतो, घाबरल्याचं नाटक करतो, उडी मारतो आणि कॅचरच्या हातात येते फक्त त्याची पँट, जोकर पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर जाळीत. अख्खा तंबू फुटला हसून. जुना ठरलेला विनोद आहे म्हणे. पण विचार करा, चुकल्यासारखं दाखवून बरोब्बर जाळीच्या मध्ये पाठीवर पडायचं, हे करायला तो माणूस किती तयारीचा असेल.

जाणार असाल तर एवढंच, अगदी पुढची महागडी खुर्ची घेऊ नका, मान दुखते. झोके ज्या दिशेने हलतात त्याच्या बाजूला, मध्यावर, थोडं मागे बसा म्हणजे उडणारा आणि पकडणारा दोघं एकदम दिसतात. आम्ही एका टोकाला बसलो होतो, अर्धा वेळ खांबच मध्ये. भाच्याने पुढच्या वेळची सीट आत्ताच दाखवून ठेवलीय, आणि ताईला पण न्यायचं असं त्याचं म्हणणं आहे. ताई अजून नाहीच म्हणतेय.