कुलवृत्तांताच्या साइटला सीडीएन लावलं, आणि आत्याचा फोन नंबर भावाला दिसला

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी गेली काही वर्षं ऑनलाइन चढवतोय. छापील प्रत आजोबांच्या पिढीची, त्यानंतरच्या लोकांची नोंदच नाही, म्हणून मी जँगोत (पायथॉन भाषेतलं वेबसाइट बनवायचं तयार साधन) एक छोटं ॲप लिहिलं आणि मुंबईच्या डेटा सेंटरमधला 2 जीबी रॅमचा एक सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर टाकलं. त्यात वंशावळ आहे, जुने फोटो आहेत, मोडी कागदांचे स्कॅन आहेत (एकेक स्कॅन 4-5 एमबीचा, कारण झूम केल्याशिवाय मोडी वाचताच येत नाही), आणि लॉगिन केल्यावर प्रत्येकाचं स्वतःचं पान, ज्यात पत्ता, फोन, मुलाबाळांची माहिती असं सगळं.

न्यू जर्सीतली बहीण सारखी म्हणायची की दादा, पान उघडेपर्यंत माझा चहा होतो. तिचं बरोबर होतं. मुंबई ते न्यू जर्सी सरळ अंतरच साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच 125 मिलिसेकंद लागणार, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही त्यामुळे प्रत्यक्षात 200 च्या वरच. त्यात टीसीपीची (जोडणी उघडायची) एक फेरी, टीएलएस 1.3 ची (ती सुरक्षित करायची) एक, मग खरी रिक्वेस्ट, म्हणजे पहिला बाइट मिळेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त गेलेला असतो. सर्व्हर कितीही मोठा घेतला तरी हे अंतर कमी होत नाही, कॉपी तिच्या जवळच ठेवायला पाहिजे, आणि सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साइटच्या कॉपी ठेवणारी सेवा) नेमकं तेच करतं.

लावायला अवघड काही नव्हतं. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (डोमेनचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ते) 300 सेकंदांवर आणला, डोमेन सीडीएनकडे वळवलं, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनच्याच आयपी रेंज आत येऊ दिल्या. एनजिनएक्समध्ये (माझ्या सर्व्हरवरचं रिक्वेस्ट घेणारं सॉफ्टवेअर) खरा आयपी हेडरमधून (रिक्वेस्ट आणि उत्तरासोबत जाणाऱ्या सूचना) घ्यायला सांगितलं, नाहीतर सगळे नातेवाईक चार-पाच आयपींवरूनच आल्यासारखे दिसतात आणि एकाने पासवर्ड चुकवला की दुसराच ब्लॉक होतो. सीएसएस, जेएस फाइलींच्या नावात जँगो हॅश (फाइल बदलली की बदलणारा कोड) घालतं, त्यामुळे त्यांना एक वर्षाचं मॅक्स-एज (कॉपी किती वेळ वापरायची) आणि इम्युटेबल (ही बदलणार नाही) बिनधास्त देता येतं.

चूक यापुढे झाली. स्कॅन फटाफट यायला लागले तशी मला हाव सुटली आणि मी पूर्ण साइटला एकच नियम लावून टाकला, की ओरिजिनचा, म्हणजे माझ्या सर्व्हरचा, हेडर काहीही असो, सगळं 1 तास कॅश करा (कॉपी साठवून तीच द्या). जँगो लॉगिन केल्यावरच्या पानांवर 'व्हेरी: कुकी' (कुकीनुसार, म्हणजे माणसानुसार, पान वेगळं आहे) असा हेडर पाठवतं, मला वाटलं तेवढं पुरेल. नाही पुरत! बरेच सीडीएन त्या हेडरकडे बघतच नाहीत, त्यांच्या लेखी यूआरएल एक म्हणजे पान एक. आणि माझ्या ॲपमध्ये प्रत्येकाच्या पानाचा यूआरएल सारखाच होता, 'माझं पान'.

टेस्ट मी केली होती. मला माझंच नाव दिसलं, बहिणीला तिचं. आता कळतंय का ते. मुंबईच्या एजवर (सीडीएनचा त्या भागातला सर्व्हर) माझं पान साठलं होतं आणि अमेरिकेतल्या एजवर तिचं, आणि दोघांनाही आपापलीच कॅश केलेली कॉपी दिसत होती. तास संपला, त्यानंतर साताऱ्याहून आत्याने लॉगिन केलं, तिचं पान मुंबईच्या एजवर जाऊन बसलं, आणि थोड्या वेळाने पुण्याहून चुलतभावाचा फोन, "दादा, मी माझ्या खात्यात गेलोय पण इथे 'नमस्कार आत्या' येतंय, तिचा नंबर आणि पत्ता पण दिसतोय."

आधी नियम काढला आणि कॅश पर्ज केली (साठवलेल्या कॉपी पुसल्या). मग लॉग उघडला, की अजून कोणी बघितलं ते कळेल, तर त्यात त्या पानासाठी आत्याची एकच रिक्वेस्ट, कारण कॅशमधून दिलेलं पान माझ्या सर्व्हरपर्यंत येतच नाही! हे मला सगळ्यात जास्त लागलं. शेवटी घरच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं आणि विचारलं की कोणाकोणाला दुसऱ्याचं पान दिसलं. सेशनची कुकी (लॉगिन कोणाचं ते ओळखणारी खूण) लॉगिनच्या पोस्टलाच (फॉर्म पाठवणारी रिक्वेस्ट) मिळते आणि पोस्ट कॅश होत नाही, म्हणून आत्याच्या खात्यात कोणी शिरू शकलं नव्हतं, फक्त पान दिसलं. तरी आत्याला फोन करून काय दिसलं, किती वेळ दिसलं ते सांगितलं. ती म्हणाली, "नंबर तर सगळ्यांकडे आहेच रे, पण पत्ता काढून टाक." काढला.

हे मोठमोठ्यांचंही होतं. 25 डिसेंबर 2015 ला स्टीमवर (ऑनलाइन गेम विकणारी साइट) हल्ला चालू असताना घाईत लावलेल्या चुकीच्या कॅशिंग नियमामुळे साधारण 34,000 लोकांची पानं दुसऱ्यांना दिसली असण्याची शक्यता होती.

आता मी उलटं केलंय. काहीच कॅश करायचं नाही हा मूळ नियम, आणि स्कॅन, फोटो, स्टॅटिक फाइली यांना वेगळं सबडोमेन जिथे कुकी जातच नाही. माणूस लॉगिन असेल तर मिडलवेअर (उत्तर बाहेर जाण्याआधी चालणारा कोड) प्रत्येक उत्तरावर 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' लावतं. इथे 'नो-कॅश' लिहून फसू नका, त्याचा अर्थ साठव पण वापरण्याआधी विचार एवढाच आहे, साठवूच नको म्हणायचं असेल तर नो-स्टोअर. आणि प्रत्येक बदलानंतर एक स्क्रिप्ट एकाच जागेवरून दोन खात्यांनी लागोपाठ लॉगिन करून 'माझं पान' मागवते आणि दुसऱ्याचं नाव आलं की ओरडते.

स्कॅनच्या फाइलनावात अजून हॅश नाहीये, त्यामुळे काकांनी एखादं पान सुधारून परत चढवलं की मला हाताने पर्ज करावं लागतं. या रविवारी तिथेही हॅश घालतोय.