टाळूवरच्या खपल्या: तेल लावायचं, पण ठेवायचं नाही

बाळ महिन्याचं होत आलं तेव्हा टाळूवर पिवळट, मेणचट थर दिसायला लागला. बोटाला चिकट लागायचा. कडेनं सुटलेल्या खपलीखालची कातडी किंचित लालसर होती, भुवयांतही तसंच. पण किरकिर नाही, दूध-झोप व्यवस्थित. हा क्रेडल कॅप. एक्झिमा (इसब) वेगळा: त्यात खाजेनं बाळ बेजार होतं आणि बहुधा गालही लाल, कोरडे होतात. क्रेडल कॅप अस्वच्छतेमुळे होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि त्यावर त्वचेवरचंच मालासेझिया हे यीस्ट (एक सूक्ष्म बुरशी) पोसतं, असं मानतात.

म्हणूनच टाळू तेलानं भरून वर टोपडं बांधलं की खपल्या आणखी जाड होतात. तेल फक्त खपली मऊ करायला. आंघोळीआधी अर्धा चमचा बिनवासाचं बेबी ऑइल खपल्यांवर चोळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. थर जाड असेल तर तासभर. मोहरीचं तेल नको, नाजूक कातडीची आग होते.

मग बाळाचा मऊ ब्रश घेऊन हलक्या हातानं गोल-गोल फिरवायचा. टाळू उघडी म्हणून तिथं हात लावायची भीती वाटते आणि नेमक्या तिथंच खपल्या साचतात. मऊ ब्रशच्या हलक्या दाबानं टाळूला काही होत नाही. सुटेल तेवढंच काढायचं. नखानं ओढलं की रक्त येतं, मग जंतुसंसर्ग.

सगळ्यात महत्त्वाचं धुणं. बेबी शाम्पू तळहातावर फेसून लावायचा, कोमट पाण्यानं धुवायचा. केस अजून तेलकट लागले तर पुन्हा एकदा. डाळीच्या पिठानं घासू नये, कातडी सोलवटते. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू तर मुळीच नको: काहींत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते बाळाच्या अंगात शोषलं जाऊ शकतं.

सुरुवातीला दिवसाआड, खपल्या कमी झाल्या की आठवड्यातून दोनदा. खपलीबरोबर थोडे केस येतात, ते परत उगवतात. थर पुन्हा धरला तरी घाबरू नये; बहुतेक बाळांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जातो. मात्र पाणी सुटलं, वास आला, रक्त आलं किंवा लाली मानेच्या घड्यांत, लंगोटाच्या जागी पसरली, तर तेल-ब्रश थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. कीटोकोनाझोल (बुरशीवरचं औषध) किंवा सौम्य स्टेरॉइडचं मलम त्यांनी सांगितलं तरच, त्यांनी सांगितले तेवढेच दिवस.