मेलबर्नच्या हौशी फूटीची हंगामवही: एप्रिल ते सप्टेंबर

ही वही व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशनच्या पुरुषांच्या सीनियर विभागांची आहे. वर प्रीमियर, मग प्रीमियर बी, प्रीमियर सी आणि त्याखाली डिव्हिजन एक, दोन, तीन अशा उतरत्या पायऱ्या. १८९२ साली सुरू झालेली ही संघटना, आणि खेळण्याचे पैसे इथे कुणालाच मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, म्हणजे फूटीचे, नियम बहुतेकांना ठाऊक आहेत असं धरून पुढे जातो: १८ जण मैदानात, गोलचे ६ गुण, बिहाइंडचा (गोलखांब आणि बाजूचा खांब यांमधून गेलेल्या चेंडूचा) १.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अनेक विभागांचा हंगाम वाचायचा तर विजेत्यापेक्षा गुणतक्त्यातल्या दोन रेघांकडे बघावं लागतं. एक चौथ्या आणि पाचव्या क्रमांकांमधली, दुसरी आठव्या आणि नवव्यांमधली. वरच्या रेघेपलीकडे बादफेरी आणि बढतीची संधी, खालच्या रेघेखाली घसरण. प्रीमियरमधले शेवटचे दोन आणि प्रीमियर बीमधले वर येणारे दोन ही एकच गोष्ट आहे. म्हणून सगळे विभाग एकाच वहीत हवेत.

मार्चअखेर: मांडणी

एका सामन्याला एक ओळ. वर्ष, फेरी, विभाग, यजमान, पाहुणा, मैदान, आणि मग प्रत्येक संघाचे गोल आणि बिहाइंड वेगवेगळ्या रकान्यांत. ही शेवटची अट अजिबात सोडू नका. फूटीचा स्कोअर १२.१० (८२) असा छापतात. तो तसाच स्प्रेडशीटमध्ये टाकला की शेवटचं शून्य उडतं, १२.१ उरतं आणि ८२ चे ७३ होतात. ४.५ सारखा आकडा तर कधीकधी थेट तारीख बनून बसतो. एकूण गुण हाताने भरू नका. गोल गुणिले सहा अधिक बिहाइंड हे सूत्रच लावा, आणि छापून आलेला कंसातला आकडा तपासणीसाठी शेजारी ठेवा. दोन्ही जुळले नाहीत तर ती ओळ लाल.

क्वार्टरचे आकडे छापून येतात ते चढते असतात, म्हणजे त्या त्या क्वार्टरअखेरची बेरीज. नवीन माणूस हमखास हे चार आकडे एकमेकांत मिळवतो आणि संघाला दोनशेच्या वर नेऊन ठेवतो. आधीचा आकडा वजा केला की त्या क्वार्टरचा खेळ हाती येतो.

क्लबांच्या नावांची संक्षिप्त रूपं सुरुवातीलाच पक्की करा. ओल्ड झेव्हेरियन्स, ओल्ड मेलबर्नियन्स, ओल्ड स्कॉच, ओल्ड ब्रायटन, ओल्ड ट्रिनिटी अशी माजी विद्यार्थ्यांच्या क्लबांची रांगच आहे. युनिव्हर्सिटी ब्लॅक्स आणि युनिव्हर्सिटी ब्लूज हे दोन वेगळे संघ, पण मूळ एकच. मेलबर्न विद्यापीठाचा संघ १९०८ ते १९१४ थेट व्हीएफएलमध्ये, म्हणजे आजच्या एएफएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या पूर्वसुरीत, खेळलेला आहे. फिट्झरॉयचं नाव वाचून गोंधळू नका. १९९६ अखेर एएफएलमधून गेलेला तोच क्लब २००९ पासून हौशी विभागांत खेळतोय.

एप्रिल: पहिल्या फेऱ्या आणि रोजचा ताळा

दहा संघांचा विभाग असेल तर प्रत्येकाशी दोनदा, एकूण १८ फेऱ्या. प्रत्येक फेरीत ५ सामने, विजयाला ४ गुण, बरोबरीला दोघांना २-२. म्हणजे फेरीमागे विभागात बरोबर २० गुण वाटले जातात. सहाव्या फेरीनंतर तक्त्यातल्या गुणांची बेरीज १२०, हंगामाअखेर ३६०. एवढी एक बेरीज रोज केली तरी निम्म्या चुका तिथेच सापडतात. दुसरा ताळा: सगळ्या संघांनी केलेले गुण आणि सगळ्यांनी दिलेले गुण सारखेच असले पाहिजेत. पहिला जुळला आणि दुसरा नाही, तर एखादा स्कोअर एका बाजूला नीट आणि दुसऱ्या बाजूला चुकीचा चढलाय.

खालच्या डिव्हिजनमध्ये संघांची संख्या दरवर्षी दहाच असेल असं नाही. नऊ संघ असले तर फेरीत ४ सामने, १६ गुण, आणि एकाला विश्रांती. १८ फेऱ्यांत प्रत्येकाच्या वाट्याला १६ सामने आणि २ विश्रांत्या येतात. मधल्या काळात तक्ता फसवा दिसतो, कारण काहींची विश्रांती होऊन गेलेली असते आणि काहींची बाकी. अशा विभागात गुणांशेजारी 'खेळलेले सामने' हा रकाना ठळक ठेवा. सामना सोडून दिल्याची नोंद वेगळ्या खुणेने करा. तिथे मैदानावरचा स्कोअर नसतो आणि दुसरा ताळा त्यामुळेच बिघडू शकतो.

ईस्टर, २५ एप्रिलचा अँझॅक डे आणि जूनमधला राजाच्या वाढदिवसाचा लाँग वीकेंड यांमुळे फेऱ्या आणि शनिवार यांचा मेळ बसत नाही. म्हणून क्रम लावताना फेरीचा क्रमांक वापरा, तारीख नाही. पुढे ढकललेला सामनाही त्यामुळे आपल्या जागी राहतो.

पुण्या-मुंबईत बसून नोंद ठेवणाऱ्यांसाठी: सीनियर सामने बहुतेक शनिवारी मेलबर्नच्या दुपारी दोनला सुरू होतात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथलं उन्हाळी घड्याळ मागे जातं, त्यानंतर आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. म्हणजे आपल्याकडे साडेनऊला सुरुवात आणि जेवायच्या वेळेपर्यंत निकाल.

मे: एक सामना जवळून

मैदानावर बसून नोंद करायची असेल तर फलकावर विसंबू नका. या स्तरावर मैदानातले पंच संघटना पाठवते, पण गोलपंच आणि सीमापंच अनेकदा क्लबच देतात, आणि फलक हलवणारा बहुधा कुणातरी खेळाडूचा भाऊ. खरा दस्तऐवज म्हणजे गोलपंचाचं कार्ड. दोन झेंडे म्हणजे गोल, एक म्हणजे बिहाइंड. दुसऱ्या टोकाचा गोलपंचही झेंडे हलवून ते मान्य करतो, तेव्हाच पेन्सिल टेकवा. क्वार्टर संपला की दोघे आपली कार्डं ताडून बघतात. आपली वही दुरुस्त करायची वेळ तीच.

आता एक नमुना सामना घेऊ. आकडे समजण्यापुरते रचलेले आहेत.

अ संघ: ३.२, ४.५, १०.६, १४.८ (९२)
ब संघ: १.३, ५.८, ६.११, ८.१४ (६२)

निकाल अ ३० गुणांनी विजयी. पण गोल आणि बिहाइंड मिळवून बघा: अचे २२ प्रयत्न, बचेही २२. चेंडू पुढे नेण्यात ब कुठेही कमी नव्हता, फरक नेमाचा आहे. (थेट सीमेपार गेलेले किक यात धरलेले नाहीत. ते स्कोअरमध्ये उमटत नाहीत, हाताने टिपावे लागतात.)

आता वजाबाकी करा. अचे क्वार्टर २०, ९, ३७, २६. बचे ९, २९, ९, १५. संघ दर क्वार्टरला बाजू बदलतात, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला अ ज्या टोकाला मारतो, त्याच टोकाला दुसऱ्या आणि चौथ्यात ब मारतो. त्या टोकाचे गुण: २० अधिक ३७ अधिक २९ अधिक १५, एकूण १०१. पलीकडच्या टोकाचे: ९ अधिक २६ अधिक ९ अधिक ९, एकूण ५३. इतका फरक असेल तर वाऱ्याचा संशय घ्यायचा. मग अचा शेवटचा क्वार्टर पुन्हा वाचा. वाऱ्याविरुद्ध २६. तिसऱ्या क्वार्टरमधल्या ३७ पेक्षा हा खेळ वरचढ ठरू शकतो, आणि नुसत्या निकालात तो कधीच दिसत नाही. 'टोक' हा रकाना ठेवणं कंटाळवाणं आहे, तरी ठेवा. एकाच मैदानाच्या चार-पाच सामन्यांनंतर तिथलं कुठलं टोक गोलाचं, हे कळायला लागतं.

जून-जुलै: चिखल आणि टक्केवारी

हीच मैदानं उन्हाळ्यात क्रिकेटची असतात. मधली खेळपट्टीची जागा हिवाळ्यातल्या पावसात सगळ्यात आधी उखडते, आणि सेंटर बाउन्स, म्हणजे पंचाने चेंडू आपटून खेळ सुरू करणं, नेमका तिथेच. चेंडू जड होतो, हातातून निसटतो, उंच मार्क (हवेतच झेललेले किक) कमी होतात, स्कोअर खाली येतात.

याचा तक्त्यावर होणारा परिणाम बरेच जण सोडून देतात. समान गुण असले की क्रम टक्केवारीवर ठरतो: केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले १००. क्रिकेटचा नेट रन रेट हा वजाबाकीचा हिशेब, हा भागाकाराचा. एका संघाने १२१० करून १००० दिले: १२१.०. दुसऱ्याने १४५० करून १२०० दिले: १२०.८. फरक दुसऱ्याचा मोठा, २५० विरुद्ध २१०, तरी वर पहिलाच.

आता हा पहिला संघ पुढचा सामना ३० गुणांनी जिंकतो असं धरा. कोरड्या मैदानावर १२०-९० जिंकला तर टक्केवारी १२२.०. चिखलात ६०-३० जिंकला तर १२३.३. विजय तेवढाच, पण बचाव घट्ट ठेवणाऱ्या संघाला पाऊस जास्त देऊन जातो. पाचव्या क्रमांकावरच्या संघाचे उरलेले सामने कुठल्या मैदानांवर आहेत, हे जुलैतच बघून ठेवायला हवं ते यासाठी.

विद्यापीठांच्या संघांवर जूनच्या परीक्षांचाही ताण येतो. राखीव संघातून वर आलेले खेळाडू मोजायला एक रकाना जोडलात तर जूनमधले अनपेक्षित निकाल बरेचसे उलगडतात.

ऑगस्ट: कुणाची जागा पक्की?

'बारा विजय झाले, आता काळजी नाही' असं सर्रास बोललं जातं. बहुतेक वर्षी ते चालूनही जातं, पण पक्का हिशेब वेगळा आहे. दहा संघांच्या विभागात वरच्या पाचांनी खालच्या पाचांना दोन्ही वेळा हरवलं तर प्रत्येकाचे १० विजय. आपसातल्या ८ सामन्यांत सगळ्यांनी ४-४ जिंकले तर पाचही जण १४ विजयांवर. म्हणजे १४ विजय मिळवूनही एक संघ टक्केवारीवर बाहेर. १५ विजय, म्हणजे ६० गुण, ही खरी हमी.

खालच्या रेघेचा हिशेब तर आणखी धडकी भरवणारा. दहावा संघ सगळे सामने हरला आणि उरलेल्या नऊ जणांनी एकमेकांना एकेकदा हरवलं, तर नऊही जणांचे १०-१० विजय. त्यातला टक्केवारीने नववा संघ निम्म्याहून जास्त सामने जिंकूनही घसरतो. ११ विजयांनंतरच जागा नक्की. हे टोकाचं चित्र झालं, पण एक संघ पार कोसळलेला असताना बाकीचा तक्ता याच दिशेने दाटत जातो. म्हणून दहावा संघ किती हरतोय यावर आठव्याचं भवितव्य वाचा.

वहीत प्रत्येक संघापुढे दोन आकडे ठेवा: आत्ताचे गुण, आणि उरलेले सगळे जिंकले तर होणारे गुण. नवव्या संघाचा दुसरा आकडा आठव्याच्या पहिल्याहून कमी झाला की आठवा सुटला.

सप्टेंबर: बादफेरी

पहिल्या चारांची रचना पेज-मॅकिंटायर पद्धतीची, व्हीएफएलने १९३१ मध्ये आणलेली. पहिला उपांत्य सामना तिसरा विरुद्ध चौथा, हरणारा घरी. दुसरा उपांत्य सामना पहिला विरुद्ध दुसरा, जिंकणारा थेट महाअंतिम सामन्यात, हरणाऱ्याला आणखी एक संधी. तो पहिल्या उपांत्य सामन्याच्या विजेत्याशी प्रिलिमिनरी फायनल खेळतो. ब्रायटनमधलं एल्स्टर्नविक पार्क हे संघटनेचं घर, मोठ्या सामन्यांसाठी डोळे तिकडे लागलेले असतात.

सर्वसाधारण नियमाने महाअंतिम सामन्यात पोहोचणारे दोघेही वरच्या विभागात जातात. हे लक्षात घेऊन वाचलं तर सामन्यांचं वजन बदलतं. दुसरा उपांत्य सामना जिंकणारा त्याच दिवशी बढती मिळवतो. महाअंतिम सामना झेंड्यासाठी, म्हणजे विजेतेपदासाठी, पण हरणाराही वर जातो. सगळ्यात निर्दय सामना प्रिलिमिनरी फायनल: जिंकला तर बढती आणि झेंड्याची संधी, हरला तर दोन्ही नाहीत आणि पुढच्या वर्षी तोच विभाग. खालच्या डिव्हिजनमध्ये ज्यांना एकच सामना बघता येणार आहे, त्यांनी हा बघावा.

राखीव संघ सीनियरांच्या मागोमाग विभाग बदलतात, त्यांचा स्वतःचा निकाल काहीही असो. राखीव संघ तळाला आणि सीनियर महाअंतिम सामन्यात, तर पुढच्या वर्षी तोच राखीव संघ आणखी कठीण गटात. बढती मिळालेल्या क्लबांना एप्रिलमध्ये दुपारच्या आधीच्या, राखीव संघांच्या सामन्यांत मोठे पराभव का सोसावे लागतात, याचं कारण बरेचदा इथे असतं.

महिलांच्या स्पर्धेला वेगळं पान द्या. गटांचे आकार निराळे, त्यामुळे ताळ्याची सूत्रं तशीच चालत नाहीत.

आणि वही मिटण्याआधी विभाग हा रकाना क्लबच्या यादीतून काढून 'वर्ष अधिक क्लब' या जोडीला लावा. क्लबच्या नावापुढे विभाग कायमचा लिहून ठेवला तर मार्चमध्ये तो बदलताना मागच्या सगळ्या वर्षांचे सामने नव्या विभागात सरकतात, आणि जुना तक्ता पुन्हा उभा करता येत नाही.