आमची वाटचाल : आखाडा, रिंग आणि कराचा हिशोब

आमची भागीदारी पेढी आधी यात्रा-जत्रांतल्या कुस्ती मैदानांची व्यवस्था बघायची. पुढे तिकीट लावून बॉक्सिंग आणि एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) लढतीही घेऊ लागली. 1 जुलै 2017 पर्यंत करमणूक शुल्कासाठी जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागे. जीएसटी आला आणि सगळं गणित तिकिटाच्या दरावर येऊन ठेपलं.

25 जानेवारी 2018 पासून 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही; आधी ही मर्यादा 250 होती. दर 501 झाला की कर पूर्ण रकमेवर बसतो. 18 टक्क्यांनी धरलं तरी करासह 590 रुपयांच्या तिकिटातून आयोजकाला 500च उरतात. म्हणून आम्ही खुर्ची 500 ला आणि रिंगलगतची जागा थेट 1,000 ला ठेवतो, मधला दर नाही. करमाफ तिकिटांवर मात्र खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही: 3 लाखांच्या मांडवावरचा 54,000 रुपयांचा जीएसटी खर्चातच जातो. दोन्ही प्रकारची तिकिटं असली की ही वजावट प्रमाणात वाटावी लागते. नवे आयोजक नेमकं हेच विसरतात, मग व्याजासकट भरतात.

फुकट मैदानात पैसा प्रायोजकांचा. पत्रकावर आणि कमानीवर नाव झळकलं की ती देणगी राहत नाही. आमच्यासारख्या भागीदारी पेढीचा प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी पेढी असेल, तर 18 टक्के जीएसटी तोच थेट सरकारला भरतो; इतर प्रायोजकांना, आपली जीएसटी नोंदणी असेल तर, 18 टक्के लावून बिल द्यायचं.

इराणी पैलवान नंबर एकच्या कुस्तीला आणायचा, तर परदेशी खेळाडूच्या मानधनातून 20 टक्के आणि वर उपकर मिळून 20.8 टक्के टीडीएस, पहिल्या रुपयापासून. बोली बहुधा “हातात एक लाख” अशी होते. मग मानधन 1,26,263 धरावं लागतं. वरचे 26,263 सरकारजमा. बोली करतानाच हे लिहून घ्या. पर्यटक व्हिसावर आलेल्याला पैसे देऊन लढवू नका.

कर इतका काटेकोर, पण लढणाऱ्याच्या डोक्याचं काय? अमेरिकेतल्या नेव्हाडात ॲथलेटिक कमिशन आयोजकाला परवाना देतं, तिकीटविक्रीतून 8 टक्के घेतं आणि वैद्यकीय तपासणीवर लक्षही ठेवतं. बॉक्सिंगमध्ये एका राज्याने दुखापतीमुळे बसवलेला खेळाडू दुसऱ्या राज्यात उभा राहू नये, असा तिथला 1996 चा केंद्रीय कायदा आहे. आपल्याकडे पोलीस परवाना लागतो, लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. पण नॉकआउट झालेल्याने किती दिवस लढू नये, हे परवान्यात कुठेच नसतं.

आम्ही अशा खेळाडूला 60 दिवस जोड (लढायला प्रतिस्पर्धी) देत नाही, आणि त्याच्या वस्तादांना तसं लेखी कळवतो. रिंगजवळचा डॉक्टर आणि प्राणवायूसह रुग्णवाहिका यांचा खर्च कधीही कापत नाही. रुग्णवाहिका जखमीला घेऊन निघाली, तर दुसरी येईपर्यंत पुढची लढत थांबते. तरी तोच खेळाडू आठवड्याने दुसऱ्या आयोजकाकडे उतरला, तर आम्हाला कळायला मार्ग नाही. सरकारने अशी नोंद राज्यात एकाच ठिकाणी ठेवावी. त्यासाठी तिकिटामागे वेगळं शुल्क लावलं तरी ते भरायची आमची तयारी आहे.