सुकाणू मोडलं तर पुढे काय?

"सुकाणू मोडनं ते मंग काय करानं?" जळगाव-धुळ्याकडची मुलं शिडाच्या बोटीवर समुद्रात जायची तयारी करू लागली की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक काम बंदर सोडण्याआधीचं आहे.

तीस-पस्तीस फुटी फायबरच्या बोटीत सुकाणूची पात म्हणजे बहुधा फोमभोवतीची दोन कवचं. आत स्टेनलेसचा दांडा आणि त्याला वेल्ड केलेल्या पट्ट्या. दांडा पातीत शिरतो तिथल्या फटीतून पाणी झिरपतं. साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकत नाही आणि वेल्डपाशी खड्डे पडतात. वरून रंग झकास असतो, पण एक दिवस दांडा फिरतो आणि पात जागची हलत नाही. म्हणून बोट बाहेर काढली की पातीच्या तळाशी, पट्ट्या टाळून, पाच-सहा मिलिमीटरचं छिद्र पाडा. तपकिरी पाणी गळलं तर पात उघडायचीच. कोरडं निघालं तर छिद्र इपॉक्सीने बुजवा. आपल्याकडे बोट आवारात ठेवत असाल तर पात पांढरी ठेवा. मे महिन्याच्या उन्हात गडद पात भाजून निघते, आतला ओलावा फुगतो आणि कवच सुटतं.

मग एकाला टिलर (सुकाणू वळवायची लांब मूठ) घट्ट धरायला सांगून पातीचं टोक पुढे-मागे आणि आडवं हलवा. खटखट वाजलं तर बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, झिजलेत. सुकाणू जड फिरत असेल तर नायलॉनचा बुश पाण्याने फुगलेला असू शकतो. बदलताना एसिटल या कडक प्लास्टिकचा घाला.

चाकाने हाकायच्या बोटीत आधी दगा देते ती केबल, म्हणजे चाकापासून सुकाणूपर्यंत जाणारी तारांची दोरी. ती ढिली करून तिच्यावरून टिश्यू पेपर फिरवा. कागद अडकला की तार तुटलेली आहे, केबल बदला. पुलींचे बोल्ट आणि पिना हाताने तपासा. नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीलाही 2018 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात स्टिअरिंगच्या बिघाडामुळे मॉरिशसला थांबावं लागलं होतं. जादा केबल आणि प्रत्येक टोकाला तीन क्लॅम्प सोबत हवेतच.

केबल तुटली पण दांडा शाबूत असेल तर इमर्जन्सी टिलर, म्हणजे थेट दांड्यावर बसवायची जादा मूठ. तो नवा कोरा पेटीत पडून राहतो, ही माझी मोठी तक्रार आहे. बसवून बघितला की कळतं, तो चाकाच्या खांबाला अडतोय किंवा इतका आखूड आहे की दोन माणसांनाही आवरत नाही. त्याच्या टोकाला दोन्हीकडून दोर बांधून कप्प्यांमधून विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) घ्या, तरच तासन् तास चालवता येईल.

पातच गेली तर आधी आत बघा. दांड्याच्या नळीतून पाणी येत असेल तर मऊ लाकडाची खुंटी ठोका. पात लोंबकळत असेल तर ती मध्यभागी बांधा, नाहीतर तीच बोट भरकटवते. शिडं कमी करा, मेनसेल म्हणजे डोलकाठीमागचं मोठं शीड विशेषतः, कारण ते नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे ओढतं. मग मागे ड्रोग, म्हणजे पाण्यात ओढ धरणारी पिशवी, सोडा: मजबूत कापडाचा किंवा पट्ट्यांचा, साधारण पाऊण मीटर व्यासाचा, पुढे दोन-तीन मीटर साखळी. त्याचे दोन दोर डाव्या-उजव्या कप्प्यांतून विंचवर घ्यायचे. उजवा ओढला की त्या बाजूचा ओढा वाढतो आणि बोट उजवीकडे वळते, जसा जोडीतला एक बैल रोखला की गाडी त्याच्याकडे वळते. कप्पे अगदी मागे लावू नका. बोट जिथे सर्वांत रुंद आहे तिथे लावले तर वळण चांगलं मिळतं. वेग घटेल, ते मान्य करायचं. स्पिनेकर पोलला (पुढचं फुगीर शीड ताणायच्या काठीला) फळी बांधून वल्हं करायचं पुस्तकात सोपं वाटतं, पण लाटांत पोल वाकतो, बांधणी सुटते. तरी फळी आणि यू-बोल्ट ठेवाच. नौदलाचे माजी अधिकारी अभिलाष टॉमी यांनी 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत विंडवेनच्या (वाऱ्यावर आपोआप बोट हाकणाऱ्या यंत्राच्या) मोडलेल्या भागासाठी शौचालयाचं दार वापरलं होतं.

जागतिक सेलिंग संघटनेच्या ऑफशोर, म्हणजे खोल समुद्रातल्या शर्यतींच्या, नियमांतही सुकाणूविना बोट हाकायची पद्धत आधी करून बघितलेली असावी अशी अट आहे. त्यासाठी समुद्राची वाट बघायला नको. नवापूर-नंदुरबारकडचं उकाई धरणाचं फुगवट्याचं पाणी पुरेसं आहे. परवानगी घ्या, लाइफ जॅकेट घाला, टिलर मध्यभागी बांधून टाका आणि फक्त ड्रोगवर दोन तास चालवा. तिथे लाटा नाहीत, त्यामुळे समुद्रात पकड याहून कमी मिळेल हे धरून चला. बोट सरळ चालते तेव्हा दोन्ही दोरांचा जो भाग विंचवर असतो, त्यावर जाड रंगीत दोरा गुंडाळून शिवून टाका; रात्री हाताला लागला पाहिजे.