तुम्ही विचारलंत म्हणून: क्लबात शिकवता तरी काय?

दर जूनमध्ये नवीन मुलं आली की एखादी आई अर्धी चप्पल काढून दाराशीच विचारते, "ताई, म्हणजे नक्की शिकवता काय? शेवटी सर्टिफिकेट मिळतं ना?"

सर्टिफिकेट नाही मिळत. आणि खरं सांगायचं तर शिकवतही फारसं नाही. मुंबईत करी रोडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता अठरा मुलं जमतात. प्रत्येकाने सहा महिन्यांसाठी एक काम अंगावर घ्यायचं आणि वहीत लिहायचं: आज काय केलं, काय बिघडलं. कोणी सायकलचं पंक्चर काढतं, कोणी गणपतीतल्या प्रसादाची खरेदी हिशेबासकट सांभाळतं.

कल्पना माझी नाही, अमेरिकेतल्या फोर-एच क्लबांची, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून शिकायच्या क्लबांची आहे. १९०२ मध्ये ओहायोत ए. बी. ग्रॅहम या शाळाप्रमुखाने मुलांना कोर्टाच्या तळघरात जमवलं आणि मका लावणं, लिटमसने माती तपासणं, दोरीच्या गाठी मारणं असल्या कामांना जुंपलं. पुढे अशा क्लबांत एक गंमत दिसली. नव्या बियाण्यांवर, नव्या पद्धतींवर शेतकरी बाप विश्वास ठेवत नसत, पण पोराच्या तुकड्यात पीक चांगलं आलेलं दिसलं की बांधावरून गुपचूप बघून जात.

करी रोडला बांध कुठला! आमच्याकडे बादल्या. सातवीतल्या एका मुलीने ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांनी बेल वाजवली. आईचा मला फोन, "फेकून देऊ का हो?" जाऊन पाहिलं तर तळाला काळं पाणी, वर भाजीच्या देठांचा चिखल, अळ्या. कारण मला ठाऊक होतं. तरी गप्प बसले. (हे सगळ्यात अवघड काम, विश्वास ठेवा.) चिपळूणकडची आजी आतून आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगो, ह्यात नुसतं ओलंच आहे. आम्ही शेणावर पातेरा टाकायचो."

झालं. ओल्याचा गच्च थर बसला की हवा जात नाही, मग ते कुजून घाण वास सुटतो. सुकं मिसळलं की मोकळं राहतं. पोरीने खाली झाडलेली सुकी पानं आणली, वर्तमानपत्रं फाडून घातली. आठवड्याभरात वास गेला. वहीत तिने लिहिलं होतं: "आजीला आधीच विचारायला हवं होतं."

रोज शंभर किलोहून जास्त कचरा होणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं महापालिकेने २०१७ मध्ये बजावलं. आमची सोसायटी त्यात बसत नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण दिवाळीनंतर बेल वाजवणाऱ्या त्याच शेजाऱ्यांनी कुंडीसाठी मूठभर खत मागितलं, आणि पुढच्या महिन्यात बादली कुठे मिळते तेही विचारलं.

आईवडिलांकडून एकच हवं: मुलांचं काम तुम्ही करू नका. गेल्या वर्षी एका बाबांनी रात्री जागून मुलाची तोरणाची वायरिंग स्वतःच करून पाठवली. फार सुबक होती. आम्ही परत केली. मुलाने पुन्हा केली तेव्हा तीन दिवे लागले नाहीत, आणि कोणते नि का, ते त्याने वहीत लिहिलं.

तर या शनिवारी पाठवा. बादली आम्ही देऊ. तिला भोकं मात्र तुम्ही पाडून पाठवू नका.